कोमट मनातून पेटलेली ज्योत : आविलाची संत तेरेजा



संतांची चरित्रे वाचताना आपली एक अडचण होते. काही संत असे, की लहानपणापासूनच त्यांचे चित्त स्वर्गाकडे लागलेले. काही संत असे, की ते आधी देवापासून फार दूर होते आणि एका क्षणी परमेश्वराने त्यांना गाठले. संत पौल दमास्कसच्या वाटेवर कोसळला, संत ऑगस्टीन मिलान शहरातल्या एका बागेत रडला. आपण या दोन्ही पंगतींत बसत नाही. आपण देवदूत नाही, पण दरोडेखोरही नाही. आपण रविवारची मिस्सा चुकवत नाही, वर्षातून एकदोनदा प्रायश्चित्त संस्कार घेतो, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवतो, सणाची वर्गणी देतो. बाहेरून पाहणाऱ्याला सारे ठीकठाक दिसते. प्रार्थना मात्र ओठांवर असते आणि मन दुसरीकडे. कधीकाळी देवाविषयी जी ओढ होती ती केव्हा विझली हे सांगता येत नाही, कारण ती एका दिवसात विझलेली नसते.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया येथील ख्रिस्तसभेला धाडलेले एक पत्र आहे. त्या पत्रात खुनाचा किंवा व्यभिचाराचा आरोप नाही. आरोप आहे तो कोमटपणाचा, आणि आपल्याला काहीच कमी नाही असे वाटण्याचा. तो वाचताना आपल्याला अस्वस्थ व्हायला होते. हे पत्र आपल्याच पत्त्यावर आल्यासारखे वाटते.

अशा कोमट माणसांसाठी ख्रिस्तसभेत एक थोर संत आहे. ती जवळजवळ वीस वर्षे मठात राहून कोमट होती. तिचे नाव आविलाची संत तेरेजा. आपल्याकडे तेरेजा म्हटले की कोलकात्याच्या मदर तेरेजा किंवा फुलांची लिझ्यूची छोटी तेरेजा आठवते. मदर तेरेजांनी आपले नाव लिझ्यूच्या तेरेजावरून घेतले आणि लिझ्यूची तेरेजा ज्या कार्मेल संघात होती, त्या संघाला नवा जन्म दिला तो या आविलाच्या थोरल्या तेरेजाने. या आठवड्यात आपण तिच्या जीवनाकडे, विशेषतः त्यातल्या कमी सांगितल्या जाणाऱ्या वर्षांकडे पाहू या.

तटबंदीच्या शहरातील मुलगी

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी स्पेन देशातील कॅस्टिल प्रांतात झाला. आविला हे उंच पठारावरचे थंड हवेचे शहर. त्याच्या सभोवतालचा मध्ययुगीन दगडी तट आजही उभा आहे. घरात नऊ भाऊ आणि तीन बहिणी अशी बारा भावंडे. वडील डॉन आलोन्सो सुखवस्तू, धर्मशील आणि वाचनाची आवड असलेले गृहस्थ होते. त्यांचे वडील टोलेडोचे व्यापारी. ते यहुदी कुळातून ख्रिस्ती झालेले होते आणि १४८५ साली त्यांना धर्मन्यायालयापुढे जाहीर प्रायश्चित्त करावे लागले होते. त्यामुळे या घराला अब्रूची, चारचौघांत मान राखण्याची काळजी फार. ही गोष्ट लक्षात ठेवू या, कारण पुढे तेरेजाच्या आध्यात्मिक जीवनात हीच अब्रू आडवी येणार होती.

लहानपणी ती भावनेने उचंबळणारी मुलगी होती. सुमारे सात वर्षांची असताना आपला भाऊ रॉड्रिगो याला घेऊन ती घरातून निघाली. मुस्लिम राजवटीच्या प्रदेशात जाऊन रक्तसाक्षी व्हायचे आणि लवकर स्वर्ग गाठायचा असा दोघांचा बेत होता. शहराबाहेर काकांनी त्यांना पाहिले आणि घरी आणून सोडले. किशोरवयात आई वारली, तेव्हा ती पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे रडली आणि आता तूच माझी आई हो, अशी तिने विनवणी केली. त्यानंतरची काही वर्षे शूर सरदारांच्या कादंबऱ्या, सुगंधी द्रव्ये, कपडे आणि चुलत भावंडांच्या गप्पा यांत गेली. वडिलांना काळजी वाटली. त्यांनी १५३१ साली तिला ऑगस्टीन संघाच्या धर्मभगिनींकडे शिकायला ठेवले. तिथे एका सात्त्विक धर्मभगिनीच्या सहवासात तिच्या मनात व्रतस्थ जीवनाचा विचार रुजला. तो विचार प्रेमापेक्षा नरकाच्या भीतीतून अधिक आला होता, हे तिने पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

वडिलांची परवानगी नव्हती. तरीही १५३५ साली वयाच्या विसाव्या वर्षी ती घर सोडून शहराच्या तटाबाहेर असलेल्या कार्मेल संघाच्या इन्कार्नेशन मठात गेली. १५३७ साली तिने व्रते घेतली. पुढल्याच वर्षी ती गंभीर आजारी पडली. उपचारासाठी प्रवासात असताना तिच्या एका काकांनी तिला फ्रान्सिस्को दे ओसुना नावाच्या फ्रान्सिस्कन लेखकाचे मनन-प्रार्थनेवरचे पुस्तक दिले. ते पुस्तक तिचे गुरू झाले. शब्दांवाचून, मनातल्या मनात प्रभूपाशी बसायचे कसे, हे ती त्यातून शिकली. पण उपचार रोगापेक्षा कठीण निघाले. १५३९ च्या ऑगस्ट महिन्यात ती सुमारे चार दिवस बेशुद्ध होती. मठात तिच्यासाठी थडगे खणले गेले, डोळ्यांवर मेणही पडले होते. वडिलांनी पुरू दिले नाही म्हणून ती वाचली. त्यानंतर सुमारे तीन वर्षे तिचे शरीर लुळे होते. रांगता येऊ लागले तेव्हा तिने देवाचे आभार मानले. बरे झाल्याचे श्रेय तिने संत जोसेफला दिले आणि जन्मभर ती त्याची भक्त राहिली.

मृत्यूच्या दारातून परत आलेली, प्रार्थनेची गोडी लागलेली, सत्तावीस वर्षांची व्रतस्थ स्त्री आता तरी संत होईल, असे आपल्याला वाटते. घडले उलटे. संकटात टिकलेली तिची भक्ती आरोग्यात सैल पडू लागली.

भेटीच्या खोलीतील वर्षे

इन्कार्नेशन मठ वाईट नव्हता. तो फक्त गजबजलेला होता. दीडशेहून अधिक स्त्रिया तिथे राहत. कार्मेल संघाचे मूळ कडक नियम १४३२ साली पोपच्या आज्ञेने सौम्य झाले होते. श्रीमंत घरच्या धर्मभगिनींना स्वतंत्र खोल्या मिळत, त्यांच्या नावामागे घराण्याचा मानाचा किताब लावला जाई. गरीब घरच्या मुली एकत्र शयनगृहात झोपत. मठाला सर्वांचे पोट भरणे परवडत नसे, म्हणून धर्मभगिनींनी बाहेर नातलगांकडे राहायला जाणे चालत असे. भेटीच्या खोलीत पाहुण्यांची ये-जा असे. बातम्या, विनोद, नजराणे, थोडी स्तुती, थोडी जवळीक, सारे मर्यादेत.

तेरेजा हसरी, हुशार, बोलण्यात रसाळ होती. माणसे तिच्याशी बोलायला येत आणि मठाला त्यांच्याकडून देणग्याही मिळत. ती कोणालाही आवडे आणि आपण आवडतो हे तिला आवडे. पाप म्हणावे असे ठळक काही नव्हते. वरिष्ठांनी तिला कधी टोकले नाही. काही कबुलीगुरूंनी तर यात वावगे काही नाही असेच सांगितले. पुढे तिने लिहिले, की अर्धवट शिकलेल्या कबुलीगुरूंनी तिचे फार नुकसान केले. आम्हा धर्मगुरूंना हे वाचताना कानशिले गरम होतात. माणसाला दुखवायचे नाही म्हणून त्याच्या आत्म्याला झोपू देणे ही दया नव्हे. मठातल्या तिच्या नात्यातल्या एका वृद्ध धर्मभगिनीने मात्र तिला अनेकदा सावध केले. तेरेजाला तिचा राग येई. ही उगाच बोभाटा करते, असे तिला वाटे.

इथे आपण थांबून स्वतःला विचारू या. आपल्या घरातली भेटीची खोली कोणती? ती कदाचित आपल्या हातातच असेल. रात्री रोझरीच्या वेळी मोबाइलवर आलेला निरोप पाहायचा, मग दुसरा, मग तिसरा. त्यात वाईट काय आहे? काहीच नाही. म्हणून तर तो हातातून सुटत नाही.

प्रार्थना सोडण्याचे चांगले कारण

तेरेजाच्या चरित्रातला सर्वांत धोक्याचा प्रसंग यानंतर येतो. तो बाहेरच्यांना दिसलासुद्धा नाही. सकाळी मनन करायचे आणि दुपारी भेटीच्या खोलीत रमायचे, हे दोन्ही एकत्र तिला जमेना. प्रभूपाशी बसले की तो डोळ्यांत पाहतो आणि आपण नजर चुकवतो. तेव्हा तिने यांपैकी एक गोष्ट सोडली. सोडली ती प्रार्थना! वर्षभराहून अधिक काळ तिने मनन-प्रार्थना बंद ठेवली. मठाची सामुदायिक प्रार्थना चालू होती. बंद पडले ते प्रभूशी एकांतातले बोलणे.

तिने ती कंटाळा आला म्हणून सोडली नाही. तिने कारण दिले ते नम्रतेचे. माझ्यासारख्या अपात्र स्त्रीने देवाशी एवढी सलगी कशाला करावी? इतर साध्या माणसांसारख्या मोजक्या प्रार्थना म्हणाव्यात हेच बरे. पुढे तिने कळवळून सांगितले, की हे सैतानाचे सर्वांत मोठे कपट होते. पाप माणसाला पाडते, पण पडलेल्याला उठू न देणारी ही खोटी नम्रता पापाहून घातक असते. आपणही हेच करतो. आधी आयुष्य सुधारू, मग कबुलीला जाऊ. आधी मन शांत होऊ दे, मग प्रार्थनेला बसू. आजारी माणसाने बरे झाल्यावर डॉक्टरकडे जाईन म्हणावे, तसे हे झाले.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. स्वतः प्रार्थना सोडलेली तेरेजा इतरांना प्रार्थना शिकवत होती. तिच्या वडिलांनी तिच्याकडूनच मनन शिकून घेतले होते आणि ते त्यात पुष्कळ पुढे गेले होते. ते भेटायला येत तेव्हा आपण प्रार्थना सोडली आहे हे तिने त्यांना सांगितले, पण कारण दिले प्रकृतीचे. प्रकृती खरोखरच नाजूक होती, त्यामुळे वडिलांनी विश्वास ठेवला. देवाविषयी बोलता येणे म्हणजे देवाशी बोलणे नव्हे. धर्मशिक्षण देणारे, वाचन करणारे, गायकवृंदात गाणारे आणि वेदीवर उभे राहणारे आम्ही, या सर्वांसाठी हा इशारा आहे.

सुमारे १५४३ च्या अखेरीस वडील वारले. तिने त्यांची शुश्रूषा केली आणि त्यांचा शांत मृत्यू जवळून पाहिला. त्यांचे कबुलीगुरू डॉमिनिकन संघाचे फादर व्हिसेंते बॅरॉन होते. तेरेजाने त्यांच्याकडे मन मोकळे केले. त्यांनी तिला भेटीगाठी ताबडतोब बंद कर असे म्हटले नाही. काहीही झाले तरी प्रार्थना सोडू नकोस, एवढे एकच बजावले. तिने ते ऐकले आणि पुन्हा कधीही प्रार्थना सोडली नाही.

ओढाताणीची दहा वर्षे

प्रार्थना पुन्हा सुरू झाली म्हणून सारे लगेच बदलले नाही. पुढे दहाएक वर्षे ओढाताण चालू राहिली. देवाचे सुख मिळेना आणि जगाचेही मिळेना. भेटीच्या खोलीत असताना देवाची आठवण बोचायची, प्रार्थनेत असताना भेटीची खोली आठवायची. मननाच्या तासात तिचे लक्ष घड्याळाच्या टोल्याकडे लागलेले असे. कधी एकदा हा तास संपतो असे तिला होई. प्रार्थनेच्या खोलीत शिरताना मन इतके उदास होई, की आत पाऊल टाकायला सारे धैर्य गोळा करावे लागे. ही कबुली ख्रिस्तसभेच्या इतिहासातल्या प्रार्थनेच्या सर्वांत मोठ्या शिक्षिकेची आहे. मिस्सा चालू असताना मनगटावरच्या घड्याळाकडे पाहणाऱ्यांनी तिला आपली मानायला हरकत नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी आध्यात्मिक सुस्तीचा विचार करताना एक मार्मिक गोष्ट मांडली आहे. सुस्ती म्हणजे नुसता आळस नव्हे. देवाचे जे चांगले देणे आहे, त्याविषयीच वाटणारे दुःख म्हणजे सुस्ती. सुस्त माणूस दिवसभर धावपळ करत असेल, दहा समित्यांवर असेल. मात्र देवापाशी बसायची वेळ आली की त्याला जड वाटते. या व्याख्येप्रमाणे पाहिले तर आपल्यातले पुष्कळ कामसू लोकही सुस्त ठरतील.

त्या वर्षांत तेरेजाला तारले ते तीन लहान गोष्टींनी. पहिली म्हणजे पुस्तक. मन पळते हे तिला ठाऊक होते, म्हणून कित्येक वर्षे ती हातात पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसत नसे. कधी चार ओळी वाचाव्या लागत, कधी पुस्तक नुसते उघडले तरी पुरे होई. दुसरी गोष्ट म्हणजे निसर्ग. शेत, पाणी, फुले यांकडे पाहिले की तिला निर्माणकर्ता आठवे. तिसरी गोष्ट सर्वांत साधी. मठात येण्याच्याही आधीपासून रोज रात्री झोपण्यापूर्वी थोडा वेळ ती गेथशेमानी बागेतल्या दुःखी प्रभूचा विचार करीत असे. ती सवय तिने मोडली नाही. चूल विझली तरी राखेखाली निखारा राहिला होता.

१५५४ : जखमी प्रभूसमोर

१५५४ साली तेरेजा एकोणचाळीस वर्षांची होती. मठातल्या एका सणासाठी कोणीतरी जखमांनी भरलेल्या येशूचा पुतळा आणून प्रार्थनेच्या खोलीत ठेवला होता. त्या खोलीत ती नेहमीसारखीच गेली. पुतळ्याकडे तिची दृष्टी गेली आणि ती जागीच थबकली. या जखमांचे आपण किती थोडे ऋण फेडले, या विचाराने तिचे काळीज फाटल्यासारखे झाले. ती पुतळ्यापुढे पडून रडली. मला बळ दिल्याशिवाय मी इथून उठणार नाही, असा तिने प्रभूपाशी हट्ट धरला.

तिने असे पूर्वीही अनेकदा मागितले होते, रडणेही झाले होते. मग या वेळी निराळे काय घडले? याचे उत्तर तिने स्वतःच शोधले. पूर्वी ती देवाची मदत मागत असे, पण मनातून भरवसा स्वतःवर ठेवी. आपण निश्चय करू, आपण सुधारू, देव पाठीशी असेल. वीस वर्षे निश्चय मोडून झाल्यावर तिचा स्वतःवरचा भरवसा पुरता संपला. त्या दिवशी तिने सारा भार देवावर टाकला. तिच्या मते वळण इथेच आले.

त्याच सुमारास संत ऑगस्टीनचे आत्मकथन तिच्या हाती आले. त्याचा स्पॅनिश अनुवाद १५५४ सालीच छापला गेला होता. उद्या, उद्या म्हणत देवाला टाळणारा ऑगस्टीन वाचताना तिला त्यात आपलाच चेहरा दिसला.

यानंतरही सारे गाठोडे एका दिवसात सुटले नाही. काही मैत्री तिला तोडवेना. त्यात पाप नाही, मग कृतघ्न का व्हावे, असा तिचा युक्तिवाद असे. एका येशूसंघीय कबुलीगुरूंनी तिच्याशी वाद घातला नाही. काही दिवस पवित्र आत्म्याचे स्तोत्र म्हण आणि देवालाच विचार, असे त्यांनी सांगितले. ते स्तोत्र म्हणत असताना एके दिवशी देवाने तिच्या अंतःकरणाला असा स्पर्श केला, की वर्षानुवर्षे जे तुटत नव्हते ते आपोआप गळून पडले. मोठ्या प्रेमाने लहान प्रेम बाजूला सारले.

पेटलेल्या ज्योतीने काय केले

पुढची हकिगत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तेरेजाने चार नवदीक्षित मुलींसह आविला येथे संत जोसेफच्या नावाने एक लहानसा मठ सुरू केला. परदेशी गेलेल्या लोरेन्सो या भावाने पाठवलेले पैसे कामी आले. मोठ्या मठातल्या गर्दीने काय होते हे तिने भोगले होते. म्हणून इथे सुरुवातीला तेराच जणी ठेवायचे ठरले. किताब नाहीत, ठरलेले उत्पन्न नाही, हाताने सूत काढायचे, रोज दोन तास मनन आणि शिवाय रोज एकत्र बसून मोकळेपणाने हसणे-बोलणे. शहरात गहजब झाला. आणखी एक मठ पोसायचा कोणी, म्हणून नगरसभेला तो मोडून टाकायचा होता. हळूहळू वादळ शमले.

१५६७ साली मेदिना देल काम्पो येथे तिला एक तरुण धर्मगुरू भेटला. तोच पुढे क्रूसाचा संत योहान म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या साहाय्याने पुरुषांचा सुधारित कार्मेल संघही उभा राहिला. बैलगाडीतून, उन्हापावसातून, आजारी शरीराने ती स्पेनभर फिरली. तिच्या हयातीत धर्मभगिनींचे एकूण सतरा मठ स्थापन झाले. ज्या स्त्रीला प्रार्थनेच्या खोलीत पाऊल टाकायला धैर्य गोळा करावे लागे, तिचे हे काम आहे.

१५७१ साली वरिष्ठांनी तिला त्याच जुन्या इन्कार्नेशन मठाची प्रमुख म्हणून पाठवले. तिथल्या धर्मभगिनींनी तिला निवडले नव्हते. ही आता आपल्यावर कडक नियम लादणार या भीतीने दारातच आरडाओरडा झाला. तेरेजाने प्रमुखाच्या आसनावर पवित्र मरियेचा पुतळा ठेवला, मठाच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या आणि स्वतः तिच्या पायाशी बसली. तिने कोणाला दरडावले नाही. ती स्वतः त्याच बाकांवर जवळजवळ वीस वर्षे कोमट राहिलेली होती. आधी तिने मठातल्या जेवणाची आबाळ दूर केली, मग हळूहळू भेटीगाठींना आवर घातला आणि संत योहानला तिथे कबुलीगुरू म्हणून आणले. मठाचे रूप पालटले. कोमट माणसाला कोमटपणातून उठलेलाच चांगला ओळखतो.

१५७७ साली अवघ्या सहा महिन्यांत तिने आत्म्याच्या किल्ल्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. आत्मा हा जणू स्फटिकाचा किल्ला, त्यात सात महाल, आणि अगदी मधल्या महालात राजा म्हणजे प्रभू बसलेला. पुष्कळ माणसे आपल्याच किल्ल्याच्या अंगणात जन्म काढतात, आत शिरतच नाहीत. पण आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो तिसरा महाल. तिथे सज्जन माणसे राहतात. नियम पाळणारी, दानधर्म करणारी, वेळेचा सदुपयोग करणारी, घर नीट चालवणारी. आणि तिथेच ती अडकतात. थोडे आर्थिक नुकसान झाले किंवा कोणी जरा अपमान केला, की त्यांची सारी शांती उडते आणि आपण किती मोठे दुःख सोसतो आहोत असे त्यांना वाटते. शुभवर्तमानातल्या श्रीमंत तरुणासारखी ती सर्व आज्ञा पाळतात, पण प्रभूने हात पुढे केला की खिन्न होऊन परत फिरतात. बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातल्या बहुतेक घरांचा पत्ता हा तिसरा महाल आहे. तो वाईट पत्ता नाही. पण मुक्कामाचा पत्ता तो नव्हे.

४ ऑक्टोबर १५८२ रोजी आल्बा दे तोर्मेस येथे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तेरेजाने देह ठेवला. त्याच रात्री दिनदर्शिकेत सुधारणा होऊन दहा दिवस वगळले गेले आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख आली. म्हणून तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला साजरा करतो. १२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद देण्यात आले. त्याच दिवशी, त्याच समारंभात संत फ्रान्सिस झेवियर यांनाही संतपद मिळाले. झेवियर १५४२ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्याच सुमारास तेरेजा आपली प्रार्थना गमावून बसण्याच्या मार्गाला लागली होती. एकाने तेव्हा समुद्र ओलांडला होता, दुसरीला प्रार्थनेच्या खोलीचा उंबरठा ओलांडवत नव्हता. तरी देवाने दोघांना एकाच दिवशी वेदीचा मान दिला. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप पौल सहावे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री होय.

आपण काय करायचे?

तेरेजाच्या जीवनातून आपल्यासाठी निघणारी गोष्ट एकच आहे. कोमटपणावर इलाज म्हणून तिने आधी आपले जीवन सुधारले आणि मग ती प्रार्थनेला आली, असे झाले नाही. ती तशीच, अर्धवट मनाने, घड्याळाकडे पाहत प्रार्थनेला येत राहिली आणि जीवन देवाने सुधारले. आपल्याला दार उघडे ठेवायचे आहे. आत येणारा तो आहे, पण बंद दारातून तो बळजबरीने येत नाही.

म्हणून या आठवड्यात आपण मोठे निश्चय करू नयेत. रोजची पंधरा मिनिटे ठरवावीत आणि मन लागो वा न लागो, ती देवासाठीच ठेवावीत. मन पळत असेल तर हातात शुभवर्तमान घ्यावे. झोपण्यापूर्वी दोन मिनिटे घरातल्या क्रूसाकडे नुसते पाहावे. जे कित्येक महिने किंवा वर्षे प्रायश्चित्त संस्कारापासून लाजेने दूर राहिले आहेत, त्यांनी पात्र होण्याची वाट पाहू नये. शनिवारी संध्याकाळी आम्ही कबुलीघरात असतो. आणि घरात एखादी आजी किंवा आई, रोझरीला बसा म्हणून रोज मागे लागत असेल, तर तिच्यावर रागावू नये. तेरेजाच्या मठातही अशी एक वृद्ध धर्मभगिनी होती. तिचे बोलणे तेव्हा कोणी ऐकले नाही, पण ती खरे बोलत होती.

ज्यांना वाटते की आता वय झाले, आता आपल्यात काय बदल होणार, त्यांनी एकोणचाळीस वर्षांच्या तेरेजाला आठवावे. तिच्या काळात ते वय उतरणीचे समजले जाई. तिची सर्व मोठी कामे, सर्व ग्रंथ आणि सर्व मठ त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांतले आहेत. वाया गेलेली वर्षे देव मोजत बसला नाही. आपणही बसू नये.

हे आविलाच्या संत तेरेजा, आमच्या थंड पडलेल्या घरांसाठी आणि मनांसाठी प्रभूपाशी विनंती कर.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपले धर्मगुरू